बोगद्याचा पुनर्विकास होत नाही

मुंबईच्या उपनगरांत गंजावर एक हमखास उपाय आहे. घाटकोपरला, मुलुंडला किंवा बोरिवलीला एखाद्या सोसायटीच्या स्लॅबचे पापुद्रे पडू लागतात, खांबांना उभ्या चिरा जातात, गॅलरीच्या तळाशी लालसर सळ्या डोकावू लागतात. पहिली काही वर्षे गिलाव्यात जातात, पुढची काही सर्वसाधारण सभांमधल्या वादात, आणि शेवटी पुनर्विकासाचा करार होतो. जुनी इमारत पडते, नवी उभी राहते आणि गंजाचा प्रश्न मिटतो. निदान पुढच्या तीसेक वर्षांपुरता. इमारतींचे संरचनात्मक परीक्षण हा माझा व्यवसाय असल्यामुळे या वाटेने जाणाऱ्या अनेक सोसायट्या मी जवळून पाहिल्या आहेत. त्या वाटेविषयी माझी तक्रार नाही. मात्र तिच्यामुळे आपल्या मनात एक समज पक्का बसला आहे. तो असा की काँक्रीट ही पाडून पुन्हा बांधता येणारी वस्तू आहे.

आता हीच उपनगरे जमिनीच्या खाली बांधली जात आहेत, आणि तिथे हा समज लागू पडत नाही. बोगदा पाडता येत नाही. त्याच्या डोक्यावर खाडी असते, रेल्वेचे रूळ असतात, दुसऱ्यांची घरे असतात. बोगद्याचे अस्तर म्हणजे त्याची काँक्रीटची भिंत एकदा जागेवर बसली की तिची बाहेरची बाजू पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. शंभर वर्षे टिकायचे तर पहिल्या दिवशी जे घातले त्याच्याच बळावर टिकायचे. म्हणून खारे पाणी आणि काँक्रीटमधल्या सळ्या यांचे नाते नेमके काय आहे, हे केवळ अभियंत्यांनी नव्हे, तर या बोगद्यांतून रोज जाणाऱ्या सगळ्यांनीच समजून घ्यायला हवे.

डोंगराचे पाणी आणि खाडीचे पाणी

प्रथम कोणत्या बोगद्यांविषयी बोलायचे ते ठरवू. गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून जातात. ठाणे–बोरिवली जोडमार्गाचे बोगदेही त्याच डोंगराखालचे. तिथे झिरपणारे पाणी पावसाचे, खडकाच्या भेगांतून उतरलेले, गोडे. त्याचाही उपद्रव असतो, पण तो वेगळ्या जातीचा.

मेट्रो ३ ची मार्गिका आरेहून निघते, सीप्झ, अंधेरीची एमआयडीसी, मरोळ नाका, विमानतळ असे टप्पे घेत मिठी नदीखालून धारावीकडे जाते आणि कफ परेडला संपते. तिची लांबी ३३.५ किलोमीटर. मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते, आणि शेवटच्या टप्प्यात भरतीचे पाणी तिच्यात आत शिरते. नावात मिठी असली तरी तिथले पाणी मचूळच. पश्चिमेला सागरी किनारा मार्ग वर्सोव्यापासून उत्तरेकडे नेण्याच्या योजनेत मालाडचे माइंडस्पेस ते कांदिवलीचे चारकोप असे जुळे बोगदे आहेत. खाडी आणि खारफुटी तिथून हाकेच्या अंतरावर.

सर्वांत मोठी परीक्षा मात्र पूर्वेला आहे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा, आणि त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीच्या खालून. दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच नळीतून जाणार. त्यासाठी विक्रोळीला खणलेला शाफ्ट ५६ मीटर खोल आहे. खाडीवर २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले, २०२२ साली तिला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. पक्ष्यांना आणि खारफुटीला धक्का लागू नये म्हणून ही वाट पुलाऐवजी खालून काढली. वरच्या निसर्गाच्या दृष्टीने ते उत्तमच झाले. खालच्या काँक्रीटला मात्र आता आयुष्यभर खाऱ्या चिखलात राहायचे आहे.

लोखंड काँक्रीटमध्ये गंजत का नाही?

उघड्यावर ठेवलेली सळई मुंबईच्या एका पावसाळ्यात तांबडी होते. तीच सळई चांगल्या काँक्रीटमध्ये पन्नास वर्षे निळसर-काळी राहते. याचे कारण काँक्रीट तिला पाण्यापासून वाचवते हे नव्हे. काँक्रीटमध्ये पाणी असतेच. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून चुना सुटतो आणि काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतले पाणी तीव्र अल्कधर्मी होते. शुद्ध पाण्याचा सामू ७, तर या पाण्याचा साडेबारा ते तेरा. अशा पाण्यात लोखंडाच्या पृष्ठभागावर स्वतःच्याच ऑक्साइडचा एक पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांश, पण तो इतका घट्ट की त्याच्यामागे लोखंड सुरक्षित राहते. सिमेंटचे लोखंडावर खरे उपकार आहेत ते या पापुद्र्याचे.

मिठातला क्लोराइड हा पापुद्रा भेदतो. तो सगळीकडे सारखा हल्ला करत नाही. एखादी कमकुवत जागा गाठून तिथे खळगा पाडतो. त्या खळग्यातले लोखंड विरघळू लागते, आणि उरलेली निरोगी सळई प्राणवायूच्या मदतीने ही विद्युत-रासायनिक क्रिया चालू ठेवते. एकाच सळईचे दोन भाग जणू बॅटरीची दोन टोके बनतात. या सगळ्यात क्लोराइड स्वतः खर्च होत नाही. लोखंडाला बाहेर काढून तो पुन्हा नव्या लोखंडाकडे वळतो. खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा आपण माणसांसाठी करतो. लोखंडाच्या बाबतीत मीठच त्याला खात राहते.

तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. आतून फुगणाऱ्या गंजाने ते चिरते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. सोसायटीच्या सभासदाला दिसतो तो हा शेवटचा अंक. नाटक तोवर बरेच पुढे गेलेले असते.

घरचे मीठ, बाहेरचे मीठ

काँक्रीटमध्ये मीठ दोन वाटांनी येते. एक वाट कालवतानाच उघडते. मुंब्र्याच्या रेतीबंदरासारख्या ठिकाणांहून निघणारी खाडीची वाळू वर्षानुवर्षे या महानगराच्या बांधकामात वापरली गेली. ती गोड्या पाण्याने नीट धुतली तर प्रश्न नाही. न धुता किंवा अर्धवट धुऊन वापरली, तर घरभेदी पहिल्या दिवसापासून घरातच. आयएस ४५६ ही भारतीय मानक ब्युरोची संहिता एक घनमीटर आरसीसीमध्ये ०.६ किलोपेक्षा अधिक क्लोराइड चालवून घेत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतले १९ ग्रॅम क्लोराइड. हिशेब केला तर एक घनमीटर काँक्रीटमध्ये जेमतेम दोन बादल्या समुद्राचे पाणी पडले, तरी मर्यादा संपते. बोगद्यासाठी लागणारे तुकडे देखरेखीखालच्या कारखान्यात ओतले जातात, त्यामुळे ही वाट तिथे बंद करणे तुलनेने सोपे असते.

दुसरी वाट बाहेरून, हळूहळू आत येणारी. तिचे परिणाम आपल्या शेजारीच घडून गेले आहेत. पणजीला मांडवीवरचा पूल १९७०च्या सुमारास वाहतुकीला खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाऱ्या हवेत पुलाच्या ताणलेल्या तारांना लागलेला गंज हे त्यामागचे मुख्य कारण मानले गेले. जेमतेम सोळा वर्षांचे आयुष्य. त्यानंतर कोकण-गोव्याच्या पट्ट्यात पूल बांधणाऱ्यांची गंजाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. मांडवीवर नवा पूल बांधता आला. बोगद्याला ती सोय नाही, हे इथे पुन्हा लक्षात ठेवायचे.

उभे मिठागर

आता एक कोडे. सर्वांत धोक्याची जागा कोणती? कायम समुद्राच्या पाण्यात बुडालेले काँक्रीट, की भरती-ओहोटीत कधी ओले तर कधी कोरडे होणारे? ऐकणारे बहुतेक पहिल्याकडे बोट दाखवतात. आयएस ४५६ चे उत्तर उलटे आहे. पूर्ण बुडालेले काँक्रीट तिने ‘तीव्र’ गटात ठेवले आहे, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले त्याहून दोन पायऱ्या वरच्या ‘अतितीव्र टोकाच्या’ गटात. पहिल्यासाठी सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण पुरते. दुसऱ्यासाठी ७५ लागते. या आवरणाला साइटवर सगळे ‘कव्हर’ म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.

कारण सोपे आहे. गंजाला मीठ लागते तसा प्राणवायूही लागतो. खोल पाण्यात मीठ भरपूर, पण प्राणवायू फार कमी, म्हणून तिथला गंज मंद. जिथे मीठ आणि हवा दोन्ही आळीपाळीने मिळतात, तिथे त्याची चंगळ.

मग खाडीखालचा बोगदा सुखात असायला हवा, कारण तो तर कायम पाण्याखाली. इथेच खरी मेख आहे. बोगद्याची एकच भिंत दोन जगांत उभी असते. तिच्या बाहेर खारे पाणी, तेही दाबाखाली. दर दहा मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. तिच्या आत मात्र खेळती, कोरडी, पंख्यांनी ढकललेली हवा. बाहेरचा दाब पाण्याला सूक्ष्म छिद्रांतून आत रेटतो. आतल्या पृष्ठभागाशी आल्यावर पाण्याची वाफ होऊन ती हवेबरोबर निघून जाते, आणि मीठ मागे राहते.

मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना ही क्रिया निराळी समजवायला नको. खाडीचे पाणी बांध फोडून मिठागराच्या वाफ्यात घ्यायचे, ऊन-वाऱ्याने ते आटू द्यायचे, आणि तळाशी राहिलेले मीठ ओढून त्याच्या राशी लावायच्या. हिवाळ्यापासून पावसापर्यंत हेच चाले. आज तिथल्या बहुतेक आगरांत मीठ पिकत नाही. पण झिरपणाऱ्या बोगद्याची आतली भिंत हे उभे मिठागरच असते. समुद्राच्या पाण्यात आहे त्याहून कितीतरी जास्त मीठ तिथे साठू शकते, आणि तेही नेमके आतल्या सळ्यांच्या शेजारी, जिथे हवा आहे. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या काँक्रीटच्या फलाटांचे पाय पोकळ असतात. बाहेर समुद्र आणि आत हवा अशा रचनेतला हा धोका तिथल्या अभियंत्यांनी ओळखला, आणि पुढे बोगद्यांच्या अभ्यासात तो विचार आला.

दुसरा धोका याहून छुपा. बाहेरच्या बाजूच्या सळ्या खाऱ्या ओलीत, आतल्या बाजूच्या हवेत, आणि दोन्ही एकाच पिंजऱ्यात जोडलेल्या. अशा वेळी आतल्या सळ्या बॅटरीचे एक टोक होतात आणि बाहेरच्या दुसरे. विरघळते ते बाहेरचे. तिथे प्राणवायू कमी असल्याने होणारा गंज तांबडा नसून काळपट-हिरवट असतो. तो फारसा फुगत नाही, काँक्रीटला चीर पाडत नाही, पाण्यात मिसळून निघून जातो. म्हणजे सळई बारीक होत जाते आणि पृष्ठभागावर काही दिसत नाही.

त्यामुळे खाडीखालच्या बोगद्याचे रक्षण म्हणजे समुद्राला बाहेर थोपवणे एवढेच नाही. आतली कोरडी बाजू खरोखर कोरडी ठेवणे, हे त्याचे सार आहे.

पहिल्या दिवसाची कामे

बुलेट ट्रेनच्या बोगद्यापैकी सुमारे १६ किलोमीटर खणणाऱ्या यंत्राने म्हणजे टीबीएमने करायचे आहेत. यंत्र पुढे सरकते तशी त्याच्यामागे काँक्रीटची कडी बसत जाते. प्रत्येक कडे नऊ वाकड्या तुकड्यांचे आणि एका किल्लीच्या तुकड्याचे, २ मीटर रुंद, अर्धा मीटर जाड, एम ७० प्रतीच्या काँक्रीटचे. साधा भागाकार केला तरी अशी साडेसात-आठ हजार कडी, म्हणजे पाऊण लाखाहून जास्त तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यासाठी तीन गोष्टी त्याच्या ओतण्याच्या दिवशी ठरतात.

पहिली, काँक्रीटचा घट्टपणा. ताकद आणि घट्टपणा या बहिणी असल्या तरी जुळ्या नव्हेत. मीठ अडवायचे तर छिद्रे बारीक आणि एकमेकांपासून तुटलेली हवीत. त्यासाठी पाणी कमी घालतात आणि सिमेंटचा काही भाग काढून त्या जागी पोलाद कारखान्यातला दळलेला स्लॅग, औष्णिक वीज केंद्रातली फ्लाय अ‍ॅश किंवा मायक्रोसिलिका वापरतात. हे पदार्थ मोकळ्या चुन्याशी संयोग पावून छिद्रे बुजवतात. स्लॅग तर काही क्लोराइड धरूनही ठेवतो. घट्टपणा मोजायला एक सोपी चाचणी आहे. ५० मिलिमीटर जाडीच्या चकतीतून ६० व्होल्टचा दाब लावून सहा तास वीज जाऊ द्यायची आणि किती कूलंब गेले ते पाहायचे. चार हजारांच्या वर म्हणजे चाळण. हजाराच्या खाली म्हणजे उत्तम. घट्टपणाची एक किंमतही आहे. १९९६ साली इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात आग लागली, तेव्हा तिथल्या दणकट काँक्रीटमधली वाफ बाहेर पडू न शकल्याने त्याच्या कपच्या उडाल्या. म्हणून आता अशा काँक्रीटमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे केसासारखे तंतू घालतात. आगीत ते वितळतात आणि वाफेला वाट देतात.

दुसरी गोष्ट कव्हर. मीठ आत शिरण्याचा वेग सारखा नसतो. खोलीचा संबंध काळाच्या वर्गमुळाशी असतो. ढोबळ हिशेबाने कव्हर दुप्पट केले की मीठ पोचायला चौपट वेळ लागतो. हाच हिशेब उलटा वाचला की धडकी भरते. ५० मिलिमीटरमधून शंभर वर्षांत पोचणारे मीठ २५ मिलिमीटरमधून पंचवीस वर्षांतच पोचेल. सळ्यांच्या पिंजऱ्याखाली ठेवायचा कव्हर ब्लॉक ही काही रुपयांची वस्तू. ती सरकली किंवा ठेवायची राहिली, तर पाऊणशे वर्षांचे आयुष्य तिथेच कमी झाले.

त्यात हवामानाची भर. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असे मानतात. डेन्मार्कच्या थंड समुद्रात शंभर वर्षे पुरेल असे काँक्रीट ठाण्याच्या कोमट खाडीत तितकेच पुरेल, असे गृहीत धरता येत नाही. परदेशी संहितेतला आकडा उचलण्याआधी इथले तापमान त्यात भरायला हवे.

तिसरी गोष्ट सांधा. तुकडा कितीही घट्ट असला तरी दोन तुकड्यांमधल्या फटीचे काय? तिथे रबरी गॅस्केटची पट्टी कडेने फिरवलेली असते आणि तुकडे बोल्टने आवळले की ती दाबली जाऊन पाणी अडवते. कड्याच्या बाहेर, कडे आणि जमीन यांच्यामधल्या पोकळीत ग्राउट भरतात. बसवताना तुकड्याचा कोपरा उडाला किंवा कडे किंचित वाकडे बसले, की गॅस्केट तिथे ढिले राहते. सांधे हा बोगद्याचा नाजूक भाग असतो याचा अनुभव आपण घेतलाच आहे. सागरी किनारा मार्गाचा गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी पार्क हा २.०७ किलोमीटरचा बोगदा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आणि मेअखेर काही सांध्यांतून ओल दिसू लागली. ती रसायने टोचून बंद करण्यात आली. त्या वेळी चर्चा झाली ती ‘नवा बोगदा गळतो’ या लाजेची. खारे पाणी तिथे किती काळ झिरपले आणि मागे किती क्लोराइड ठेवून गेले, हा त्याहून मोलाचा प्रश्न. गळती थांबली तरी आत राहिलेले मीठ थांबत नाही.

सळईच बदलली तर?

मीठ कधीतरी पोचणारच, मग सळईलाच कवच का देऊ नये? हा विचार जगभर झाला आहे आणि त्याचे निकाल संमिश्र आहेत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनारी बेटांना जोडणाऱ्या पुलांत इपॉक्सीचा लेप दिलेल्या सळ्या वापरल्या होत्या. १९८६ साली, बांधून अवघी काही वर्षे झालेली असताना, त्या गंजलेल्या आढळल्या. वाकवताना, वाहताना, काँक्रीट ओतताना लेपाला बारीक जखमा होतात, आणि गंज नेमका त्या जखमांत एकवटतो. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट या समुद्राखालच्या रेल्वे बोगद्यासाठी तोच लेप वेगळ्या रीतीने दिला गेला. सळ्या कापून, वाकवून, जोडून पिंजरा पूर्ण झाला की अख्खा पिंजरा इपॉक्सीच्या भुकटीत बुडवायचा. लेपानंतर वाकवणे नाही, म्हणून जखमाही नाहीत. साहित्य एकच, फरक कामाच्या क्रमाचा.

मेक्सिकोत प्रोग्रेसो गावच्या धक्क्यात १९४१च्या सुमारास स्टेनलेस सळ्या घातल्या गेल्या, आणि तो धक्का उष्ण समुद्रात आजही उभा आहे. अडचण किमतीची, पाऊण लाख तुकड्यांना तो खर्च परवडत नाही. म्हणून निवडक जागीच तो विचार होतो. आणखी एक मार्ग पोलादाच्या आखूड तंतूंचा. सळ्यांऐवजी काँक्रीटमध्ये सुटे तंतू मिसळले की ते एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे मोठी बॅटरीच तयार होत नाही. गंजला तर पृष्ठभागाजवळचा एखादा तंतू गंजतो आणि एक तांबडा ठिपका उमटतो.

शेवटचे शस्त्र विजेचे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही याने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे तुकडे जोडले. लोखंड झिजले, तांबे वाचले. यालाच ऋणाग्र संरक्षण म्हणतात. आज काँक्रीटमधल्या सळ्यांना बाहेरून सौम्य वीजप्रवाह देऊन तेच साधता येते. पण त्यासाठी पिंजऱ्यातल्या सगळ्या सळ्या विजेच्या दृष्टीने जोडलेल्या हव्यात आणि तारा बाहेर काढायची जागा हवी. ही सोय ओतण्याआधीच करून ठेवली तर वीज पन्नास वर्षांनी सुरू केली तरी चालते.

मडके वाजवून घ्यावे

इमारत तपासताना मी हातोडीने काँक्रीट वाजवतो. घट्ट काँक्रीट टणत्कार देते, सुटलेले कव्हर पोकळ बोलते. पण हातोडी सांगते ती गोष्ट घडून गेल्यानंतर. त्याआधी कळायला इतर उपाय आहेत. फोडलेल्या भागावर फेनॉल्फ्थॅलिन शिंपडले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते. सिल्व्हर नायट्रेट शिंपडले की क्लोराइड जिथवर पोचला तिथवर पांढुरके पडते. तांबे व मोरचुदाच्या कांडीने पृष्ठभागावरून सळईचा विद्युतदाब मोजता येतो. तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक. बोगद्यात तर याहून चांगली सोय होऊ शकते. कव्हरमध्ये वेगवेगळ्या खोलीवर शिडीच्या पायऱ्यांसारखे लोखंडाचे छोटे तुकडे पुरून ठेवायचे. युरोपात ही रीत १९९०च्या दशकापासून आहे. वरची पायरी गंजली, मग तिच्याखालची. त्यावरून मीठ मुख्य सळईपासून किती वर्षे दूर आहे, हे सळई शाबूत असतानाच कळते.

सोसायट्यांमध्ये एक अनुभव मला वारंवार येतो. भिंतीला लोणा लागला की ती खरवडून रंगवतात. लोणा चुन्याचाही असतो आणि मिठाचाही. कोणता हे तपासल्याशिवाय रंग देणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे. दुसरे, गंजलेल्या सळईभोवतीचे काँक्रीट हातभर फोडून नवे भरले, की दोन-तीन वर्षांत त्या ठिगळाच्या कडेला नवा गंज उठतो. जुन्या जागी लोखंड विरघळत होते तोवर शेजारची सळई वाचत होती. ती जागा निरोगी झाली आणि मिठात बसलेल्या शेजाऱ्यावर पाळी आली. ठिगळ लावणारा कामगार दोषी नसतो. मीठ ठिगळापेक्षा दूरवर पसरले होते, आणि ते कुणी मोजले नव्हते.

इमारतीत हे निभावते. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना परीक्षण सक्तीचे आहे, आणि अगदीच जीर्ण ठरली तर ती ‘सी-१’ वर्गात जाऊन रिकामी होते. बोगद्याला सी-१ म्हणून रिकामे करणे म्हणजे शहराची एक रक्तवाहिनी बांधून टाकणे. रॉटरडॅमचा मास बोगदा १९४२ चा. त्याच्या काँक्रीटच्या दुरुस्तीसाठी २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षे आळीपाळीने एकेक बाजू बंद ठेवावी लागली. तिथे दोन नळ्या होत्या म्हणून ते जमले. ठाणे खाडीखाली एकच नळी असेल.

म्हणूनच या बोगद्यांविषयी नागरिकांनी विचारायचे प्रश्न उद्घाटनाच्या तारखेपलीकडचे आहेत. तुकड्यांच्या कूलंबांच्या चाचण्यांचे निकाल काय आहेत? प्रत्यक्ष कव्हर मोजले का, आणि कमी भरलेल्या तुकड्यांचे काय केले? कोणत्या सांध्यातून किती लिटर पाणी येते याची वही आहे का? कव्हरमध्ये पायऱ्या पुरल्या आहेत का, आणि त्यांची वाचने कोण, किती महिन्यांनी घेते? या नोंदी रुग्णाच्या केसपेपरसारख्या असतात. पहिला केसपेपर रुग्ण निरोगी असतानाचा असला तरच पुढच्या आजाराची तुलना कशाशी करायची ते कळते. सळईचे पहिले वाचन बोगद्यात पहिली गाडी धावण्याआधी घ्यायला हवे.

आणि त्यासाठी दरवर्षी थोडा पैसा लागतो. बांधकामाच्या हजारो कोटींपुढे तो चिल्लर वाटावा इतका. पण अर्थसंकल्पात कात्री लागते ती अशा चिल्लरीलाच, कारण ती कापल्याने त्या वर्षी काहीच बिघडत नाही. बिघडते ते तीस-चाळीस वर्षांनी, कात्री लावणारे आणि बोगदा बांधणारे दोघेही निवृत्त झाल्यावर. आज विक्रोळी-घाटकोपरला पाळण्यात असलेली मुले तेव्हा त्या गाडीने कामावर जात असतील. त्यांच्यासाठी घट्ट काँक्रीट, पुरेसे कव्हर आणि नीट बसलेला सांधा एवढे आपण आज करू शकतो. त्याबरोबर वाचनांची एक वही द्यावी, आणि तिचे पहिले पान कोरे नसावे.